चौथा कोपरा

कासुर्डीच्या थांब्यावर उतरून कोंडिबा टिळेकरांचं घर विचारलंत, तर लोक जरा विचारात पडतात. कोंडिबा नावाची माणसं गावात तीन-चार आहेत. पण ‘टोकवाल्या बाईचं घर’ म्हणा, हातात चहाचा कप असलेला माणूस कपासकट उठून रस्ता दाखवतो. हायवे सोडायचा, कालव्याच्या कडेनं आत जायचं, शेवंतीचं रान लागलं की तेच. डोक्याला टॉवेल गुंडाळून खुरपत बसलेली ठेंगणीठुसकी बाई दिसली की समजावं, हीच रंभाबाई. आणि तिच्या चार सऱ्या मागं, कमरेवर हात ठेवून उगाच आभाळाकडं बघणारा उंच माणूस दिसला, की तो तिचा नवरा.

या नावाचा आपल्याला राग येतो, असं कोंडिबा सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका. हायवेवरच्या हॉटेलात परगावचा कुणी चहाला टेकला की हा मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसतो. “कुठलं गाव?” म्हणून विचारतो. तो बार्शी म्हणो नाहीतर बिदर म्हणो, “आमची मंडळी त्याच्या लई फुडं जाऊन आल्यात,” इथवर गाडी आणतो. समोरचा विचारतो, कुठवर? मग कोंडिबा, शेजारच्या यवतचं नाव घ्यावं तितक्या सहज म्हणतो, “चीनच्या बांधापतुर.”

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. रंभाबाईचं माहेर शिरूर तालुक्यातलं, न्हावऱ्याचं. तिच्या वडिलांची एक रीत होती. दसऱ्याच्या सकाळी, घरात चहा होण्याआधी, ते विहिरीचं पाणी शेंदायचे आणि रानाच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन थोडं थोडं ओतायचे. रंभा परकर सावरत मागं मागं. ते म्हणायचे, “पोरी, रान काय सातबाऱ्यावर नसतं. चारी कोपऱ्यावर उभं ऱ्हायलं की मग ते आपलं.” दुसरं कुणी ही रीत पाळत नव्हतं. गावात थोडं हसतही असत. पण रंभाच्या मनात ते पक्कं बसलं, इतकं की लग्न होऊन कासुर्डीला आल्यावर पहिल्याच दसऱ्याला तिनं नवऱ्याला विचारलं, “अवं, आपल्या रानाचा वढ्याकडचा कोपरा कुठला?” कोंडिबाला नेमकं सांगता येईना. तिकडं बाभळीचं रान माजलं होतं आणि जन्मात तो तिकडं फिरकला नव्हता. नवी नवरी कोयता घेऊन त्या काट्यात घुसली, हाताला ओरखडे काढून घेतले आणि कोपरा गाठून आली. त्या दिवशी कोंडिबाच्या वडिलांनी भरल्या घरात पोराची जी खरडपट्टी काढली, ती आजही तो स्वतःच रंगवून सांगतो.

संसारात मग वर्षं गेली. विक्रम झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, पूनम सून म्हणून घरात आली. फुलांचा टेम्पो पहाटे पुण्याला जायला लागला. आणि एका भाऊबीजेला रंभाबाई न्हावऱ्याला गेली असताना तिची गाठ पडली महेंद्रशी. महेंद्र तिच्या भावाचा मुलगा, चाळिशीचा गडी, रांजणगावच्या एमआयडीसीतून माल भरून देशभर कंटेनर नेणारा.

“तुझी गाडी कुठवर जाती रं?” रंभाबाईनं विचारलं.

“रस्ता सरंस्तवर, आत्या.”

“मग मला एकदा रस्ता सरलेला दाव.”

महेंद्र हसला. पण आत्या हसली नाही, तेव्हा तो ओळखून चुकला. पुढच्याच महिन्यात त्याला नागरकोइलकडचा माल मिळाला. कंटेनरच्या केबिनमध्ये मागं झोपायला फळी असते, त्या फळीवर बसून रंभाबाई कन्याकुमारीला गेली. सोबत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आपल्या विहिरीच्या पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली. जिथं माणसं सूर्याकडं पाठ करून आपलेच फोटो काढत होती तिथं ही बाई खडकांवरून पार खाली उतरली, बाटलीतलं पाणी ओतलं, पदर खोचून क्षणभर उभी राहिली आणि माघारी येऊन महेंद्रला म्हणाली, “हा एक झाला. बाकीचं तीन कुठं हायेत?”

कोंडिबा तेव्हा जाम चिडला होता. बायको कंटेनरमध्ये बसून देशाच्या टोकाला गेली आणि हा घरी म्हशीची धार काढतोय, लोकांनी काय म्हणावं? लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. सोसायटीचे माजी चेअरमन बापूसाहेब हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाले, “आबा, देशाला कोपरं असत्यात व्हय? देश काय वावर हाय का तुमचं? आन् कन्याकुमारी काय शेवट न्हाई. खरा शेवट तिकडं निकोबार बेटावर हाय.”

कोंडिबा खाली मान घालून घरी आला आणि बायकोवर डाफरला. रंभाबाई फुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यांना म्हणावं, नदीपल्याड आपलं रान असलं तर त्याचा गट नंबर निराळा असतो. बेटाचा गट निराळा. मी सलग तुकड्याचं कोपरं बघती.” दुसऱ्या दिवशी कोंडिबानं हॉटेलात जाऊन हे जसंच्या तसं ऐकवलं. आयुष्यभर सातबारे चाळलेल्या बापूसाहेबांनी पेपर तोंडापुढं धरला. चहा पिताना कोंडिबाची छाती जी फुगली, ती तेव्हापासून पूर्ण अशी कधी खाली बसलीच नाही.

दुसरा कोपरा कच्छचा. महेंद्रचा माल गांधीधामला उतरला आणि तिथून दोघं लखपतच्या पुढं, पश्चिमेच्या शेवटच्या गावाकडं गेले. तिथं रंभाबाईनं एक पराक्रम केला. सीमा सुरक्षा दलाच्या चौकीजवळ चुना मारलेले दगड ओळीनं मांडलेले होते. त्यातला एक दगड ओळीतून सरकलेला. आता आपल्याकडं बांधावरचा सरकलेला दगड दिसला तर तो कुणीही सरळ करतो, आणि सरळ करता करता हातभर पलीकडं ढकलतो. हे कुणाला शिकवावं लागत नाही. रंभाबाईनं इकडंतिकडं पाहिलं, दगडाला मिठी घातली आणि दोन ढुशांत तो पाकिस्तानच्या अंगाला हातभर सरकवला. चौकीवरून शिट्टी वाजली. जवान धावत आला. “माताजी, यह क्या कर रही हो?”

“बढाया,” रंभाबाई हात झटकत म्हणाली. “थोडा देश बढाया.”

जवानानं तिच्याकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं. “माताजी, सरहद बहुत दूर है. यह पार्किंग का पत्थर है.”

महेंद्र सांगतो, तो जवान इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं आत्याला चहा पाजला आणि दगड आहे तिथंच राहू दिला. कोंडिबा ही गोष्ट सांगताना पार्किंगचा भाग गाळतो.

तिसरा कोपरा अरुणाचलचा. तिनसुकियाला माल टाकून पुढं लोहित नदीच्या कडेकडेनं, चीनला खेटलेल्या किबिथूपर्यंत. त्यासाठी लागणारा परवाना पूनमनं घरबसल्या मोबाइलवर काढून दिला. तिथून आल्यावर रंभाबाई पोरासोरांसारखी बोलत होती. पण देऊळ किंवा डोंगर असलं ती काही सांगत नसे. शेवटच्या घरात कोण राहतं, चुलीत काय जाळतं, परसात काय लावतं, हे सांगायची. “आपण हितं घोरत पडलेलो असतो तवा तिथं ऊन अंगणात आल्यालं असतं. आन् बाया मका सोलत बसलेल्या. मी बी बसले सोलायला. बोली कळंना, पर मका कळतो की.” कोंडिबा ऐकत राहायचा. आपल्या बायकोनं देशाच्या शेवटच्या अंगणात बसून मका सोलला, या विचारानं त्याला रात्री उशिरापर्यंत बरं वाटत राहायचं.

राहिला उत्तरेचा. इथं घोडं अडलं, कारण महेंद्रला लडाखचा माल कधी मिळतच नव्हता. दोन वर्षं वाट पाहिली. मग एका जेवणात रंभाबाईनं ताटावरून नजर न उचलता जाहीर केलं, “म्हायंदरची गाडी न्हाई तर न्हाई. मी आन् तुम्ही जाऊ.”

कोंडिबानं हातातला घास ताटात ठेवला. जन्मात तो पूर्वेला सोलापूर आणि पश्चिमेला पुण्याचं मार्केट यार्ड यांच्या बाहेर गेला नव्हता. रान सोडून कुठं झोपलं की त्याला झोप लागत नसे. “कालव्याच्या पाण्याचं आवर्तन येईल,” तो म्हणाला.

“विक्रम हाय की.”

“म्हस माझ्याबिगर पान्हवत न्हाई.”

“आबा, ती माझ्या हातानं रोज देते,” पूनम हळूच म्हणाली. सून सासूच्या पार्टीतली. संपलं.

ऑगस्टात, शेवंतीची खुरपणी उरकून, दोघं दौंडहून जम्मूच्या गाडीत बसले. उत्तरेचा खरा शेवट बर्फात, तिथं जवानांशिवाय कुणी जात नाही. साध्या माणसाला नुब्रा खोऱ्यातल्या वारशी नावाच्या शेवटच्या गावापर्यंत जाता येतं, तोच आपला कोपरा, असं सासू-सुनेनं मोबाइलवर नकाशा बघून ठरवलं होतं. श्रीनगर झालं, कारगिल झालं. घाटाघाटांत कोंडिबा डोळे मिटून बसायचा आणि रंभाबाई त्याला कोपरानं ढोसून काय काय दाखवायची.

लेहला पोचले आणि दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. आधी ती म्हणाली, पित्त झालंय. मग जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसली. कोंडिबानं तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईनं तिच्या बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला आणि लगेच नाकाला नळी लावली. “यांना खारदुंग लाची उंच खिंड ओलांडून नेता येणार नाही. अजिबात नाही,” ती हिंदीत म्हणाली. “इथं ऑक्सिजनवर ठेवू. बरं वाटलं की विमानानं थेट खाली.”

रंभाबाईनं भांडून पाहिलं. पण भांडायलाही दम लागतो. शेवटी ती भिंतीकडं तोंड करून पडली. कोंडिबा स्टुलावर बसून होता. मग तिनं उशाशेजारची बाटली चाचपून त्याच्या हातात दिली.

“तुम्ही जा.”

“मी? येकटा? तुला हितं टाकून?”

“सिस्टर हाय, डाक्टर हाय. मी काय मरत न्हाई. पर हितवर येऊन तसंच माघारी गेलो, तर मी मरंस्तवर त्या रानात धुसफुसत बसन. तीन झालं आन् एक ऱ्हायला, हे मला सोसायचं न्हाई. तुम्ही जाऊन पाणी घाला. तुम्ही घातलं काय आन् मी घातलं काय.” तिचे डोळे भरले होते. लग्नापासून आजवर तिनं त्याच्याकडं असं काही मागितलं नव्हतं. जे हवं ते ती स्वतः कोयता घेऊन आणायची.

कोंडिबाला नाही म्हणता आलं नाही.

गाडीत पर्यटकांची पोरं होती, पुढं नामग्याल नावाचा ड्रायव्हर, आणि त्याच्या शेजारी मांडीवर बाटली धरलेला कोंडिबा. खारदुंग लाच्या चढाला त्याच्या कपाळात घण पडायला लागले. खाली दरी इतकी खोल की खालचा रस्ता कडदोऱ्याएवढा. “भैया, हळू हाणो,” तो दर वळणाला म्हणत होता आणि नामग्याल दर वळणाला “हां चाचा” म्हणत तेवढ्याच वेगानं हाणत होता. पोरांनी खिडकीतून बर्फ दाखवला. कोंडिबानं पाहिलं नाही. तो मनात म्हणत होता, रंभा असती तर आतापर्यंत तिनं गाडी थांबवून बर्फ चाखला असता. ती सगळीकडं अशीच गेली असेल, अनोळखी माणसांत, न कळणाऱ्या बोलीत, आणि आपण घरी बसून नुसते चहावर चहा ढोसत तिच्या गोष्टी विकत होतो. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं. रात्री पनामिकला मुक्काम पडला. बाटली उशाखाली घेऊनच तो झोपला.

सकाळी वारशी आलं. मूठभर घरं, दगडी गडग्यांची लहान लहान शेतं, वर नागडे तांबूस डोंगर. पुढं लष्कराची कमान. नामग्यालनं गाडी बंद केली. “चाचा, बस. इसके आगे नहीं.”

कोंडिबा उतरला. त्याला वाटलं होतं, देशाचा शेवट म्हणजे काहीतरी भयंकर असणार. तर समोर जवाचं शेत, आणि त्यात एक म्हातारा फावडं घेऊन वाफ्यांना पाण्याची दारं धरत होता. अगदी आपल्यासारखंच. बर्फाचं पाणी बारीक पाटानं येत होतं, आणि म्हाताऱ्याच्या मागं एका ठिकाणी पाट फुटून पाणी भलतीकडं चाललं होतं. म्हाताऱ्याला ते दिसलं नव्हतं. कोंडिबानं ओरडून पाहिलं, पण काय ओरडायचं तेच कळेना. मग तो सरळ गडगा ओलांडून आत गेला, पायानं चिखल ओढला, वर ढेकूळ दाबलं आणि पाणी वळवलं. म्हातारा वळून बघतो तर पाट नीट. त्यानं कोंडिबाकडं पाहिलं, त्याच्या चिखलानं भरलेल्या बुटाकडं पाहिलं, आणि बोळकं पसरून हसला. फावडं त्याच्या हाती दिलं. पुढचा एक वाफा कोंडिबानं भिजवला. म्हाताऱ्याच्या सुनेनं खारा चहा आणून दिला. तो त्यानं तोंड वाकडं न करता प्यायला, आणि हे काही सोपं नव्हतं.

मग शेताच्या कडेला, कमानीकडच्या कोपऱ्यावर जाऊन त्यानं बाटलीचं झाकण उघडलं.

ओतायला कितीसा वेळ लागतो? पण त्याचा हात काही वाकेना. त्याला हॉटेल दिसायला लागलं. ‘चार झाले’ म्हणून लोक टाळ्या वाजवतील. बापूसाहेब म्हणतील, शेवटचा कोपरा शेवटी गड्यानंच केला. आणि रंभा हसून मान डोलवेल. रानात एकटी असताना मात्र तिला आठवत राहील, की चौथ्या कोपऱ्यावर आपण उभ्या राहिलो नव्हतो. तिनं ‘तुम्ही घातलं काय आन् मी घातलं काय’ म्हटलं खरं, पण तिच्या बापानं काही तसं सांगितलं नव्हतं. उभं राहिलं की आपलं. आता ओतलं तर तिच्यासाठी या जागी पुन्हा येण्याचं कारणच उरणार नाही.

“चाचा, फोटो?” नामग्यालनं विचारलं.

“नको. मालकीण नहीं आयी अभी,” कोंडिबा म्हणाला आणि झाकण घट्ट लावलं.

लेहला परत आला तेव्हा रंभाबाई उठून बसली होती. नळी अजून नाकालाच होती, पण तोंडावर तजेला होता. त्याला बघताच तिचा पहिला प्रश्न आला, “घातलं?”

“न्हाई.”

“न्हाई म्हंजी? रस्ता बंद हुता?”

“रस्ता चालू हाय. पार कोपऱ्यावर उभा ऱ्हायलो. पर घातलं न्हाई.” त्यानं बाटली तिच्या पुढ्यात ठेवली.

रंभाबाईचा पारा चढला. “अवं, डोकं हाय का तुमचं जाग्यावर? येवढा डोंगर चढून गेलात आन् पाणी माघारी आणलंत? मी हितं दोन दिस डोळं लावून बसले, ते ह्याच्यासाठी?” तिला खोकला आला. सिस्टर धावत आली. कोंडिबा घाबरला, पण मागं हटला नाही.

“तिन्ही कोपरं तुझं हायेत,” तो म्हणाला. “ह्यो बी तुझाच. माझ्या हातानं मी त्याला शिवणार न्हाई. डाक्टर म्हणत्यात, अवशीद चालू करून, मुक्काम करत करत सावकाश वर आलं तर तुझ्या वयाच्या बाया येत्यात. मी आताच बाहीर इचारून आलोय. फुडल्या साली येऊ. न्हाई जमलं तर त्याच्या फुडल्या साली. तोवर तुझं तीनच. कुणी चार म्हणलं तर मी भांडन त्याच्यासंगट.”

रंभाबाईनं पुन्हा भिंतीकडं तोंड फिरवलं. कोंडिबाला वाटलं, झालं, बिनसलं. तो स्टुलावर अंग चोरून बसून राहिला. सिस्टरनं खुणेनं विचारलं, काय झालं? तर त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत तिला सांगायला सुरुवात केली, की ही आमची बायको, हिनं कन्याकुमारी बघितली, कच्छ बघितला, चीनच्या शेजारी बसून मका सोलला, आमच्या अख्ख्या तालुक्यात अशी बाई नाही. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचे लोकसुद्धा ऐकायला लागले. आणि या वेळी त्यानं पार्किंगच्या दगडाची गोष्टही जशीच्या तशी, काही न गाळता सांगितली. सगळी खोली हसली.

भिंतीकडून आवाज आला, “कोण ऱ्हातं तिथं? शेवटच्या घरात?”

“म्हातारा हाय येक. जव लावतो. पाट फुटला हुता त्याचा, मी दारं धरलं.”

“तुम्ही? तिथं?” ती वळली. तिचं तोंड ओलं होतं आणि ती हसत होती.

“वाफाभर भिजवला की! इचार त्या डायव्हरला.”

रंभाबाई त्याच्याकडं बघत राहिली. एवढी वर्षं ज्याला ढोसून ढोसून डोळे उघडायला लावलं, तो हाच का, असं काहीसं तिच्या नजरेत होतं. मग तिनं हात लांब करून त्याच्या बुटावरचा वाळलेला चिखल बोटानं खरवडला.

“मग फुडल्या साली तुम्ही फुडं चालायचं,” ती म्हणाली. “मी मागनं येते. तुम्हाला वाट ठावं हाय.”